आकडा सांगता, तसा छेदही सांगा : नवोदित स्थापत्य अभियंत्यांच्या वेतनाबाबत खुले पत्र

प्रति,
स्थापत्य अभियंत्यांची नेमणूक करणाऱ्या बांधकाम कंपन्यांचे व सल्लागार कार्यालयांचे प्रमुख,
तसेच अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थांचे पदाधिकारी यांस,

विषय : नव्या अभियंत्याला देऊ केलेल्या वेतनाबरोबर त्या वेतनाचा हिशेबही लेखी देण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की ओळखीतल्या आणि कधीकाळी माझ्या हाताखाली प्रशिक्षण घेऊन गेलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : "मॅडम, इतके देतायत, घेऊ का?" गेली सतरा वर्षे मी या व्यवसायात आहे. पहिली सहा वर्षे साइटवर गेली, पुढची संकल्पन (डिझाइन) कार्यालयात, आणि अलीकडे नव्या अभियंत्यांच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. एवढे असूनही या प्रश्नाचे सरळ उत्तर मला देता येत नाही. मी उलट विचारते, की आठवड्याला किती तास काम आहे, साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळते का, या आकड्यात मूळ वेतन किती आणि भत्ते किती, राहण्याची सोय कोण करणार, आणि तुझे काम तपासणारा अभियंता कोण असेल. यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर फोन करणाऱ्याकडे नसते. याचे कारण त्याचा निष्काळजीपणा हे नाही. त्याच्या हातातल्या नेमणूक पत्रात यातले काहीच लिहिलेले नसते, आणि जास्त चौकशी केली तर आलेली संधी हातची जाईल या धास्तीने त्याने विचारलेलेही नसते.

हे पत्र खरे तर त्या मुलांना लिहायला हवे, असे कोणी म्हणेल. त्यांना सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. वाटाघाटी कशा कराव्यात, कोणता कपडा घालावा इथपर्यंत सगळे त्यांना सांगून झालेले असते. पण वेतन न्याय्य आहे की नाही हे ठरवायला जी माहिती लागते ती त्यांच्याजवळ नाही, ती आपल्याजवळ आहे, आणि आता मीही टेबलाच्या याच बाजूला बसत असल्यामुळे ती माझ्याजवळही आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

शाळेत शिकलेल्या अपूर्णांकाची भाषा वापरायची तर आपण मुलांना फक्त अंश सांगतो आणि छेद सांगत नाही. दरमहाचा आकडा हा अंश. तो मिळवायला किती तास द्यावे लागतील, अंगावर किती जबाबदारी येईल, कुठे जाऊन राहावे लागेल आणि त्या बदल्यात काय शिकायला मिळेल, हा छेद. एक साधे उदाहरण घेते. (यातले आणि पुढचे पगाराचे आकडे केवळ तुलनेसाठी आहेत.) एका कार्यालयाने दरमहा १०० देऊ केले आणि कामाचा आठवडा ४० तासांचा आहे. दुसऱ्या कंपनीने १३० देऊ केले, पण साइटवर आठवड्याचे सहा दिवस आणि रोज दहा तास, म्हणजे ६० तास. वर्षाचे ५२ आठवडे बारा महिन्यांत वाटले तर पहिल्या ठिकाणी महिन्याला सुमारे १७३ तास भरतात आणि दुसऱ्या ठिकाणी २६०. तासाचा दर पहिल्या ठिकाणी ०.५८ पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी ०.५०. ज्या नोकरीचा पगार तीस टक्क्यांनी जास्त म्हणून घरी सांगितला जातो, तिच्यात प्रत्येक तासामागे सुमारे तेरा टक्के कमीच मिळतात. यावरून १३० ची नोकरी वाईट ठरते असे मला मुळीच म्हणायचे नाही. साइटवर राहण्या-जेवणाची सोय असेल तर खर्च वाचून तीच फायद्याची ठरू शकते. माझे म्हणणे इतकेच, की ही तुलना करण्यासाठी लागणारा ६० हा आकडा नेमणूक पत्रात असायला हवा. तो आपल्याला ठाऊक असतो आणि उमेदवाराला पहिला महिना संपल्यावर कळतो.

कामाच्या तासांबाबत आपला व्यवसाय एका जुन्या पळवाटेवर उभा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली केलेला अगदी पहिला करारच कामाच्या तासांविषयी होता : दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. इमारती, रेल्वे, बंदरे, रस्ते, बोगदे, पूल यांचे बांधकाम त्यात नाव घेऊन समाविष्ट केलेले आहे. मात्र देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या पदांवरील माणसांना ही मर्यादा लागू होणार नाही, असेही त्याच करारात म्हटले आहे, आणि अशीच सूट अनेक देशांच्या कायद्यांत आढळते. मोठ्या अधिकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या या सवलतीत बावीस वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी जाऊन बसतो, कारण त्याच्या डोक्यावर आपण हेल्मेट ठेवतो, त्याला 'साइट इंजिनिअर' म्हणतो आणि गवंडी, सेंटरिंगवाले, फिटर यांच्यावर देखरेख करायला सांगतो. ज्यांच्यावर त्याने देखरेख करायची त्यांचा ओव्हरटाइम मांडला जातो. त्याचा मांडला जात नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षातली एक रात्र सांगते. एका इमारतीच्या राफ्टचे, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबचे, काँक्रीट दुपारी चारला सुरू झाले होते आणि मी सकाळी आठपासून सळया तपासत, कव्हर ब्लॉक मोजत साइटवर होते. रात्री दीडच्या सुमारास पंपाची पाइपलाइन तुंबली. ती मोकळी होईपर्यंत तीन ट्रान्झिट मिक्सर रांगेत उभे राहिले. गाडीबरोबरच्या चलनावर (पावतीवर) पाहिले तर पहिल्या गाडीला प्लांटवरून निघून अडीच तास होऊन गेले होते, आणि काँक्रीट किती सैल आहे ते तपासणारा स्लम्पचा शंकू उचलल्यावर काँक्रीट बसलेच नाही, जसेच्या तसे उभे राहिले. चालक म्हणाला, थोडे पाणी मारू द्या, सगळीकडे असेच चालते. इकडे आधी ओतलेल्या भागाला कोल्ड जॉइंट पडायची, म्हणजे जुने-नवे काँक्रीट एकजीव न होण्याची, भीती, तिकडे नियमाबाहेरचे पाणी. वरिष्ठांना तीन फोन केले, ते उचलले गेले नाहीत. मी ती गाडी परत पाठवली, दुसरी तपासून घेतली आणि जॉइंटच्या कडेने स्वतः उभी राहून व्हायब्रेटर मारून घेतला. सकाळी आठला मी क्यूबच्या (काँक्रीटची ताकद तपासायच्या नमुन्यांच्या) साच्यांवर तारीख लिहीत होते, आणि वरिष्ठांनी आल्या आल्या विचारले ते परत पाठवलेल्या गाडीच्या पैशांबद्दल. पुढे अठ्ठावीस दिवसांचे क्यूब व्यवस्थित पास झाले. त्या चोवीस तासांची हजेरीपत्रकात नोंद मी नंतर मुद्दाम पाहिली. फिटरच्या आणि पंपवाल्याच्या नावापुढे जादा तास लिहिलेले होते. माझ्या नावापुढे 'पी' (प्रेझेंट, म्हणजे हजर) एवढे एकच अक्षर होते.

त्या कंपनीवर मला आता राग काढायचा नाही, आणि तशी ती काही वेगळीही नव्हती. पण त्या 'पी'मुळे एक गोष्ट घडली : माझ्या कामाचा छेद कुठेही लिहिलाच गेला नाही. जे लिहिले जात नाही त्यावर वाद घालता येत नाही, आणि पुढच्या निविदेत त्याची किंमतही धरली जात नाही. निविदा कमी दराने भरायची, साइटचा ओव्हरहेड (वरखर्च) कापायचा, दोन अभियंत्यांच्या जागी एक ठेवायचा आणि उरलेले काम त्या एकाच्या झोपेतून काढायचे, हे चक्र कसे फिरते ते आता आकडेमोडीच्या बाजूने पाहिल्यावर मला कळते. ते मान्य मात्र होत नाही.

अंशही नेहमी स्वच्छ असतोच असे नाही. वर्षाचे पॅकेज म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यात निवृत्तीच्या निधीतला कंपनीचा वाटा, विम्याचा हप्ता आणि कामगिरी पाहून मिळेल किंवा मिळणारही नाही असा बोनस हे सगळे एकत्र कालवलेले असते. त्याला बाराने भागून मुलगा महिन्याचे स्वप्न रंगवतो आणि पहिली वेतनचिठ्ठी पाहून गोंधळतो. साइट भत्त्याचेही तसेच आहे. तो साइटवर असेपर्यंत मिळतो आणि कार्यालयात बदली झाली की थांबतो; बहुतेक ठिकाणी वेतनवाढ आणि निवृत्तीची वर्गणी मोजली जाते ती मूळ वेतनावर. भत्त्यांनी फुगवलेला मोठा आकडा आणि भक्कम मूळ वेतनाचा थोडा लहान आकडा यांत दुसराच बहुधा दूरवर चालतो. हे सांगायला आपल्याला एक तक्ता आणि पाच मिनिटे लागतात.

आता 'बाजारभावाचा' प्रश्न. उमेदवाराने घासाघीस केली की आपण सरासरीचा आधार घेतो, आणि उमेदवारही कुठून तरी ऐकलेली सरासरीच घेऊन आलेला असतो. पदवी घेऊन एकदोन वर्षे झालेल्या सात अभियंत्यांचे वेतन ९०, ९५, १००, १००, १०५, ११० आणि २४० आहे असे धरा. यांची सरासरी १२० येते, आणि सातांपैकी सहा जण त्या सरासरीच्या खाली असतात. २४० वाला कदाचित दूरच्या समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर काम करत असेल. त्याचा बाकीच्यांशी काही संबंध नाही. या सातांतला मधला आकडा, म्हणजे मध्यक, १०० आहे, आणि नव्या अभियंत्याला जो आकडा हवा तो हा. त्याच्याही पुढे जाऊन खालचा चतुर्थक (ज्याच्या खाली पाव लोक येतात तो आकडा) आणि वरचा चतुर्थक (ज्याच्या वर पाव लोक येतात तो) सांगितला, आणि तो एकाच शहरातल्या, एकाच शाखेतल्या, एवढ्याच अनुभवाच्या माणसांचा असला, तर त्याला आपण कुठे उभे आहोत हे समजेल. संरचना, जलस्रोत, भू-तंत्र, वाहतूक, बांधकाम व्यवस्थापन या सगळ्यांना एकाच टोपलीत घालून काढलेला आकडा कोणाच्याच कामाचा नसतो. मातीचे नमुने तपासणारा आणि टॉवरच्या साइटवर रात्रपाळी करणारा हे दोघेही 'स्थापत्य अभियंता, अनुभव एक वर्ष' असतात.

यात आपलीही एक बाजू आहे आणि ती मी अलीकडे रोज पाहते. सल्लागार कार्यालये ग्राहकाला अभियंत्याच्या थेट पगाराच्या साधारणपणे अडीच ते साडेतीन पट दराने बिल लावतात. हे कानावर पडले की नवा अभियंता दोन-तृतीयांश पैसा मालकाच्या खिशात गेला असे धरून चालतो. त्याला कोणी सांगत नाही, की त्या दरातून कार्यालयाचे भाडे, सॉफ्टवेअरचे परवाने, व्यावसायिक दायित्वाचा विमा, हिशेबनीस आणि निविदा तयार करणारी माणसे यांचा खर्च निघतो, आणि सगळे उरकल्यावर नफा उरतो. त्याला हेही कोणी सांगत नाही, की आठवड्याला ४० तासांप्रमाणे वर्षाला २,०८० तासांचा पगार दिला जातो, पण सुट्ट्या, रजा, प्रशिक्षण आणि मधली रिकामी वेळ वजा जाता त्यातले १,६०० तास ग्राहकाच्या नावावर पडले तर वापर ७७ टक्क्यांच्या आसपास भरतो. शिवाय पहिल्या वर्षात त्याने केलेला एक बीमचा हिशेब तपासायला माझा निम्मा दिवस जातो, आणि तो निम्मा दिवस ग्राहकाला लावता येत नाही. हे सगळे मांडून दाखवले तर त्याला आपला पगार कदाचित पूर्वीपेक्षा न्याय्य वाटेल, आणि कधीकधी आपल्यालाच तो कमी असल्याचे लक्षात येईल. तिसऱ्या वर्षी ज्याचे काम तपासायला अर्धा तासही लागत नाही, त्याला पहिल्या वर्षाचे गणित लावून चालणार नाही.

'आमच्याकडे शिकायला मिळते' हे वाक्य मात्र मला वेगळे काढून पाहायचे आहे, कारण कमी वेतनाचे समर्थन बहुतेक वेळा याच एका वाक्यावर होते. त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये नामांकित अभियंत्याच्या हाताखाली शिकण्यासाठी उमेदवाराच्या घरचेच त्याला चांगली घसघशीत रक्कम देत. शिष्य पैसे देई आणि गुरू कला शिकवी, असा तो लेखी करार असे. त्या व्यवहारात निदान कोण कोणाला काय देतो हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. आज शिकवणे हा वेतनाचा भाग आहे असे आपल्याला म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण मग तो भाग मोजता येईल असा लिहून द्यावा. पहिल्या दोन वर्षांत कोणकोणत्या विभागांत काम मिळेल? आराखडा तपासताना चुका समोर बसवून दाखवल्या जातील, की लाल खुणा केलेला कागद टेबलावर येऊन पडेल? व्यावसायिक नोंदणीसाठी लागणारा अनुभव, जो बऱ्याच देशांत अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखालीच भरावा लागतो, तो इथे भरेल का, आणि त्यावर सही कोण करेल?

गेल्या वर्षी मुलाखतीला आलेल्या एका मुलाची साडेतीन वर्षे एकाच कामात गेली होती. मोजमाप पुस्तक भरणे, आरए बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने लावायचे बिल) तयार करणे, परिमाणे जुळवणे. त्याचे मोजमाप इतके नेटके होते की मी त्याच्या वहीचे पान उलटून पुन्हा पाहिले. मग मी त्याला सलग बीमचे चित्र काढून विचारले, की आधाराजवळ जादा सळया वरच्या बाजूला का टाकतात. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये तशा असतात." आधारावर बीम वरच्या अंगाने ताणला जातो हे त्याने महाविद्यालयात नक्कीच शिकले असणार, साडेतीन वर्षांत ते त्याच्याकडून निसटून गेले, कारण तशी गरजच त्याला कोणी पडू दिली नव्हती. त्याला नोकरी देताना 'तू तरुण आहेस, शिकशील' असे सांगून बाजारापेक्षा कमी वेतन दिले गेले होते, हे त्याने नंतर बोलता बोलता सांगितले. शिकण्याच्या नावाखाली कापलेली रक्कम त्याला शिक्षणाच्या रूपाने परत मिळाली नाही. अशा व्यवहाराला दुसरे कोणतेही क्षेत्र काय म्हणेल, ते मी इथे लिहीत नाही.

जबाबदारी हा छेदातला दुसरा भाग, आणि तो वयावरून किंवा पदनामावरून मोजता येत नाही. कॅनडातल्या क्वेबेक पुलाचे उभारणीचे काम १९०७ च्या ऑगस्टमध्ये चालू असताना सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये होते, आणि साइटवर त्यांचा निरीक्षक होता नॉर्मन मॅक्ल्यूर, पदवी घेऊन तीनच वर्षे झालेला तरुण. पुलाच्या खालच्या बाजूचे दाबातले भाग वाकत चालले आहेत हे मोजमापांतून कळवणाऱ्यांत तो होता, आणि पत्रांनी प्रश्न सुटेना तेव्हा तो स्वतः कूपर यांना भेटायला न्यूयॉर्कला गेला. तो तिथे पोहोचला त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. आपल्या प्रत्येक साइटवर वाकलेली सळई, सरकलेला टेकू किंवा भेगाळलेली भिंत सर्वांत आधी दिसते ती तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या अभियंत्याला. पोअर कार्डावर (काँक्रीट ओतायला परवानगी देणाऱ्या कागदावर) सही करण्याचा आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला आपण देणार असू तर वेतनाचा दर्जा ठरवताना तो मोजला पाहिजे, आणि देणार नसू तर जबाबदारीही त्याच्या गळ्यात घालता येणार नाही.

आणखी एक गोष्ट थोडक्यात, पण ती माझ्या अनुभवाची असल्यामुळे वगळवत नाही. समान मोलाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना समान मोबदला, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९५१ सालचा आहे, आणि मूळ वेतनाच्या तक्त्यात आज कोणी उघड भेद करत नाही. भेद येतो तो मागच्या दाराने. 'साइटवर सोय नाही' म्हणून मुलींना कार्यालयात बसवले जाते, त्यामुळे साइट भत्ता मिळत नाही. साइटचा अनुभव नाही म्हणून बढती थांबते. आणि पाच वर्षांनी दोन समान पदवीधरांच्या वेतनातले अंतर पाहून सगळे म्हणतात की हे तर अनुभवाप्रमाणेच आहे. सोय करणे हे आपले काम होते. त्याचा खर्च त्या मुलीच्या वेतनातून वसूल व्हायला नको होता.

वेतनवाढीचे गणित तर नेमणूक पत्रात जवळजवळ कधीच नसते. सुरुवातीला दहा टक्क्यांनी कमी घेतलेला माणूस पुढे सगळ्यांएवढीच टक्केवारीने वाढ मिळवत राहिला तर ते दहा टक्के कायम मागेच राहतात, आणि दरवर्षी रकमेतले अंतर वाढत जाते. महागाई सहा टक्क्यांनी वाढली आणि पगार पाच टक्क्यांनी, तर खरा पगार जवळपास एक टक्क्याने घटतो, जरी पत्रावर 'आपल्या उत्कृष्ट कामगिरीबद्दल' असे छापलेले असले तरी. आणि बाजार चढला की नव्या भरतीला जास्त दर देऊन आत घेतले जाते व तीन वर्षे घासलेल्या माणसाचे वेतन त्याच्या जवळपास येऊन ठेपते, किंवा खालीही जाते. हे त्याला समजते ते नव्या मुलाला काम शिकवतानाच. आपल्याकडचे लोक सोडून का जातात याच्या बैठका मी पुष्कळ अनुभवल्या आहेत. त्यांत हा तक्ता कोणी पडद्यावर दाखवलेला मला आठवत नाही. नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरावी लागेल असे बंधपत्र लिहून घेणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. ते कागद लिहून घेणाऱ्यालाच आपल्या वेतनावर भरवसा नसल्याचे सांगतात.

व्यावसायिक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळे लिहायला हवे. लंडनमधली स्थापत्य अभियंत्यांची संस्था २ जानेवारी १८१८ रोजी स्थापन झाली ती काही मोजक्या तरुण अभियंत्यांच्या पुढाकाराने, आणि त्यांत अग्रेसर असलेला हेन्री रॉबिन्सन पामर तेव्हा विशीतलाच होता. थॉमस टेलफर्ड यांच्यासारखा ज्येष्ठ माणूस पहिला अध्यक्ष म्हणून आला तो दोन वर्षांनी, १८२० साली. ज्यांना शिकायचे होते त्यांनी एकमेकांना माहिती देण्यासाठी उभी केलेली ही परंपरा आहे. मग आपल्या संस्थांनी तरुण सभासदांकडून वर्गणी घेताना त्यांना वेतनाबाबत इतके अंधारात का ठेवावे? दरवर्षी एक नीट वेतन-सर्वेक्षण करावे, त्यात शाखा, प्रदेश, अनुभवाची वर्षे, नोंदणी आहे की नाही आणि आठवड्याचे प्रत्यक्ष तास हे रकाने असावेत, निष्कर्षांत सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थक द्यावेत, आणि ज्या गटात उत्तरे अगदी थोडी आली असतील तो गट छापू नये. या कामाला मोठा निधी लागत नाही. आपले बरेच ज्येष्ठ सभासद नोकरी देणारे आहेत, त्यामुळे हा विषय टाळला जातो, असे मला वाटते. तसे नसेल तर आनंदच आहे.

नेमणूक करणाऱ्यांकडे माझी मागणी एका पानाची आहे. नेमणूक पत्रासोबत एक पान जोडावे आणि त्यावर मूळ वेतन व प्रत्येक भत्ता वेगवेगळा, गेल्या सहा महिन्यांत त्या पदावरच्या माणसांनी आठवड्याला सरासरी किती तास काम केले तो आकडा, जादा तासांचा मोबदला किंवा बदली रजा मिळते की नाही, त्या पदाच्या वेतनश्रेणीचे खालचे आणि वरचे टोक, वेतनाचा फेरविचार कोणत्या महिन्यात व कशाच्या आधारे होतो, काम तपासणाऱ्या अभियंत्याचे पद, आणि पहिल्या दोन वर्षांत मिळणारी कामे, एवढे लिहावे. जे आपल्याला देता येत नाही ते 'देत नाही' असे लिहावे. त्याने कोणाची नोकरी महाग होत नाही.

मी जिथे काम करते तिथे हे पान गेली दोन वर्षे दिले जाते. दोन उमेदवारांनी ते वाचून नकार दिला. त्यातल्या एकाने तासांचा रकाना पाहूनच दिला, आणि तो तिसऱ्या महिन्यात सोडून गेला असता त्यापेक्षा हे आम्हाला स्वस्त पडले. रुजू झालेल्या एका मुलीने सहाव्या महिन्यात पान पुढे ठेवून विचारले, की भू-तंत्र विभागातले काम यात लिहिले आहे, ते कधी मिळणार. उत्तर द्यायला आम्हाला आठवडा लागला आणि मग ते काम तिला द्यावेच लागले. हे पान पहिल्यांदा भरताना प्रत्यक्ष तासांच्या रकान्यात मी कोणतीही नोंद न पाहता ४८ लिहिले होते. दोन महिन्यांची प्रवेशद्वारावरची नोंदवही काढून बेरीज केली तेव्हा तो आकडा खोडून ५७ लिहावा लागला, आणि त्या वर्षी मूळ वेतनाचा तक्ता पुन्हा मांडायला आम्ही बसलो.

कळावे,
आपली विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता